कस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
अनगोळच्या आमच्या बोळात घंटागाडी वळते
आणि भोंगा कानडीत सांगू लागतो:
हसि कस, ओण कस,
बेरे बेरे माडी.

ओला, सुका, वेगवेगळा करा.
एवढं आता कुणाला विचारावं लागत नाही.
पण माझ्या कानात तो 'कस'
अजून मराठीतूनच शिरतो.
यळ्ळूरच्या शिवारात वडील
मूठभर माती नाकाशी धरायचे,
म्हणायचे, "कस हाय हिच्यात अजून."

एका भाषेत टाकायचा तो,
एका भाषेत राखायचा तो.
मी मधे उभी, हातात बादली.

गाडीमागे निंगव्वा चालते.
सुरुवातीला आम्ही काहीच वेगळं करत नव्हतो:
चहाचा चोथा, रिमोटचे सेल, कान तुटलेला कप,
गोळ्यांची चंदेरी पाकिटं,
सगळं एका काळ्या पिशवीत.
वर घट्ट गाठ.
गाठ मारली की वाटायचं, संपला आपला संबंध.
त्यातच ह्यांच्या इन्सुलिनच्या सुया.

एका मंगळवारी निंगव्वाच्या अंगठ्याला चिंधी.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
"अक्का, आत सुई होती बघ,"
एवढंच म्हणाली,
आणि गाडीला अडकवलेल्या पोत्यातून
फिनेलची रिकामी बाटली काढून दिली.
"ह्यात घाल. टोपण घट्ट लाव.
आणि सांगून दे."

सांगून दे.
पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं,
हा धडा कुठल्या इयत्तेला होता?
सिव्हिलमध्ये तिच्याबरोबर तीन वेळा रांगेत बसले.
रक्तात काही निघालं नाही.
ते तिचं नशीब,
माझ्या पदरात त्याचं पुण्य नाही.

हे उद्यमबागेत ओतकामाला होते, एकतीस वर्षं.
जेवताना म्हणायचे, लोखंडाला मरण नसतं,
भट्टीत सगळ्यांची गाठ पडते,
तुझ्या माहेरचा फुटका तवा
कुणाच्या तरी मळ्यात पंप होऊन
पाणी ओढत असेल बघ.
मी म्हणायची, आधी भात गिळा,
सुई टोचून अर्धा तास झाला.

मार्गशीर्षात ते गेले.
दस्तगीर भंगारवाला आला, लोखंडी खाट बघितली,
उभा पंखा उलटा करून त्याच्या पोटातली
तांब्याची तार आधी वेगळी काढली,
प्लास्टिकची बटणं वेगळी.
"जाळून काढत्यात काही जण," म्हणाला,
"धूर छातीत बसतो, बाई."
काट्यावर चारशे दहा रुपये झाले.
पंख्याच्या जाळीत अडकलेला ह्यांचा चष्मा
त्याने शर्टाला पुसून परत दिला.

बाटली राहिली.
खिडकीत, औषधांच्या डब्याशेजारी,
निम्मी भरलेली.
दोन महिने मी तिच्यावरची धूळ पुसत होते.
टोपण घट्टच होतं.

परवा खाली नेली. सांगून दिली.
निंगव्वाने ती लाल डब्यात अलगद आडवी ठेवली,
झोपलेलं मूल ठेवावं तशी,
आणि सवयीने विचारलं,
"दुसरी आणू, अक्का?"

"नको," म्हटलं.

तिचा हात डब्याच्या कडेवर तसाच राहिला.
ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.
भोंग्याचं आपलं चालूच,
बेरे बेरे माडी, बेरे बेरे माडी.

वर आले. परसातली बादली
कडीपत्त्याच्या बुंध्याशी उपडी केली.
काळी, भुरभुरीत, कोमट.
कोणी बघत नव्हतं तेव्हा
मूठभर नाकाशी धरली.

चांगली झाली होती.
अंड्याचं एक टरफल तेवढं
मुरायचं राहिलं होतं अजून.